जुन्या पद्मिनीचा कार्ब्युरेटर आणि नव्या पेट्रोलचा हिशेब

आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी उसाचे बिल आल्यावर ती दुसऱ्याकडून जुनी म्हणून घेतली, तेव्हा वाडीत दुसरी चारचाकी नव्हती. किती नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या आणि किती बाळंतिणी तिच्यातून कराडच्या दवाखान्यात पोचल्या, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उठल्या. आमची मात्र कागदपत्रे चालू ठेवून अजून धावते आहे.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला दादा, वहिनी आणि मी तिच्यातून चिपळूणला, वहिनींच्या माहेरी गेलो होतो. जाताना घाट उतरायचा, म्हणून काही कळले नाही. परतताना कुंभार्ली घाट चढू लागलो आणि निम्म्यावर इंजिनाने दम टाकला. पाय दाबावा तर कार्ब्युरेटरमधून फट्‌ फट्‌ आवाज, आणि उष्णतेचा काटा वर वर. दोनदा बॉनेट उघडून अर्धा अर्धा तास थांबलो. पाऊस भुरभुरत होता, धुके खाली आले होते, आणि वहिनींच्या मांडीवर नातू झोपलेला. घरी पोचलो तेव्हा दादा एवढेच म्हणाले, “आता ही विकायची.”

आमचे मिस्त्री चाळीस वर्षे गाड्यांत आहेत. त्यांनी गाडी ऐकली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कार्ब्युरेटरचा स्लोचा स्क्रू दीड फेरा उघडला. गाडी जागेवर छान गुरगुरू लागली. पण आठवड्यात दोन गोष्टी ध्यानात आल्या. पेट्रोल जास्त जाऊ लागले, आणि चढावर मात्र तीच रड. मिस्त्रींनी पुन्हा पाहिले, प्लग काढले. प्लगचे टोक पांढरेफटक होते. ते डोके खाजवत म्हणाले, “स्लोला भारी आणि चढाला हलकी. गाडी तीच, जेट तोच. मग बदललं काय?”

बदलले होते ते पेट्रोल.

आपल्याच उसाचे पेट्रोल

वाचकहो, ही गोष्ट आपल्या शिवाराशी जोडलेली आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. आपला ऊस कारखान्यात जातो, त्याच्या रसापासून आणि मळीपासून इथेनॉल काढतात. मक्यापासून आणि तांदळापासूनही काढतात. ते इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळते. २०२२ च्या जूनमध्ये देशात हे मिश्रण १० टक्क्यांवर गेले. २० टक्क्यांचे पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीपासून काही पंपांवर मिळू लागले आणि २०२५ मध्ये देशभर तेच नेहमीचे झाले. उसाला गिऱ्हाईक वाढले, ही आपल्या दृष्टीने बरीच गोष्ट. पण आपली जुनी गाडी निर्मळ पेट्रोलच्या मापाने घडवलेली आहे, तिला हे कोणी सांगितलेले नाही.

निर्मळ पेट्रोल एक किलो जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरला जवळजवळ ९ हजार लिटर हवा. इथेनॉल स्वतःच्या अंगात ऑक्सिजन घेऊनच येते, त्यामुळे त्याला किलोमागे ९ किलो हवा पुरते. २० टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १३.५ किलो. पण कार्ब्युरेटरमधील जेटचे भोक तेवढेच, तो जुन्याच मापाने इंधन सोडतो. म्हणजे हवा गरजेपेक्षा सात-आठ टक्के जास्त पडते. याला मिस्त्री लोक ‘लीन’ म्हणतात. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत यंत्रच हे ओळखून इंधन वाढवते. कार्ब्युरेटरला ती अक्कल नाही. त्याला भोक आहे, तेवढे तो देतो.

सपाट रस्त्यावर लीन गाडी खपून जाते. चढावर, भरल्या वजनाने, ती तापते, कार्ब्युरेटरमधून उलटा फटाका मारते, आणि दुर्लक्ष केले तर व्हॉल्व्ह जळतात, पिस्टनही जातो. घाटात आम्ही थांबलो नसतो तर इंजिनच उतरवावे लागले असते, असे मिस्त्री नंतर म्हणाले.

वहिनींनी हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मग यात एवढं काय? स्टोव्हची ज्योत पिवळी झाली, भांड्याला काजळी धरू लागली, की तेल जास्त होतंय हे आम्हाला कळतं. ज्योत सुटून भकभकायला लागली की हवा जास्त. तुमच्या गाडीची ज्योत दिसत नाही, एवढंच ना?”

अगदी एवढेच. ज्योत इंजिनाच्या पोटात आहे, आणि ती पाहायला डोळा हवा.

सायलेन्सरमधला डोळा

तो डोळा पुतण्याने दिवाळीत आणला. तो आय.टी.आय. होऊन पुण्याला एका गॅरेजात काम करतो. प्लगसारखी दिसणारी एक वस्तू, तिच्यामागे वायर आणि वायरीच्या टोकाला आकडे दाखवणारे घड्याळ. त्याला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात, लॅम्डा सेन्सर असेही म्हणतात. बॉश कंपनीने बनवलेला हा सेन्सर १९७६ साली प्रथम व्होल्वो मोटारीत बसला. तुमच्या घरी २०२० नंतरची मोटारसायकल असेल, तर बहुतेक तिच्याही धुराच्या पाइपावर वायर असलेला एक छोटा प्लग सापडेल. तो हाच.

आत झिर्कोनिया नावाच्या पदार्थाची टोपी असते. एका अंगाला धूर लागतो, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. सेन्सर तापला, म्हणजे ३०० अंशांच्या पुढे गेला, की दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या फरकाने त्यात बारीकशी वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन उरला नसेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट, भरपूर उरला असेल तर ०.१ च्या आसपास. साधा सेन्सर एवढेच सांगतो की पेट्रोल जास्त की हवा जास्त. किती, ते सांगत नाही. पुतण्याने आणला तो ‘वाइडबँड’ जातीचा. तो आकडा सांगतो. हवा नेमकी गरजेइतकी असेल तर १.००. हवा १० टक्के जास्त असेल तर १.१०. पेट्रोल भारी असेल तर आकडा एकाच्या खाली. या आकड्यालाच लॅम्डा म्हणायचे. यात सोय अशी की पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, याचा वेगळा हिशेब करावा लागत नाही, कारण आकडा धुरातल्या हवेवरून निघतो. कित्येक घड्याळे १४.७ च्या मापात आकडे दाखवतात. तसे घड्याळ असेल तर ते लॅम्डावर लावून घ्यावे, म्हणजे डोक्याला ताप नाही.

वाइडबँड ही घरटी घ्यायची वस्तू नव्हे. तालुक्यातल्या एका गॅरेजवाल्याने घेतली तर पन्नास गाड्यांना पुरेल.

बसवायला अवघड नाही. मॅनिफोल्डखालच्या पाइपावर, दोनएक फुटांच्या आत भोक पाडून १८ मिलिमीटर आट्यांची चकती वेल्डिंग करून घेतली. सेन्सर वरच्या अंगाला तिरका बसवावा, टोक खाली. पाइपाच्या तळाला बसवला तर धुरातले पाणी त्यात उतरून तो मरतो. वायर गरम पाइपापासून दूर बांधावी. आणखी एक गोष्ट विसरू नये. सेन्सरला आतून तापवण्यासाठी १२ व्होल्टची वीज द्यावी लागते. तो पाइपात असताना वीज तोडून गाडी चालवली तर काजळी धरून निकामी होतो. फार जुन्या काही गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, तिथे वायरमनला विचारल्याशिवाय हात लावू नये.

यंत्राला नाक नसते

पहिल्याच दिवशी फजिती झाली, ती सांगितलीच पाहिजे.

गाडी जागेवर चालू केली. आकडा १.१५. पुतण्या म्हणाला, “काका, बघा, किती लीन आहे.” त्याने स्लोचा स्क्रू आणखी उघडला. आकडा जेमतेम हलला. आणखी उघडला. आता अंगणात पेट्रोलचा असा वास सुटला की वहिनी पदर नाकाला लावून आत गेल्या, आणि तरी घड्याळ म्हणते लीन.

मिस्त्री बाकावर बसून चहा पीत होते. ते उठले, गाडीच्या मागे गेले आणि म्हणाले, “पोरा, डोळे झोंबतायत माझे. तुझं यंत्र काय म्हणतं ते म्हणू दे, ही गाडी लीन नाही.” त्यांनी जाड फडके घेऊन सायलेन्सरचे तोंड क्षणभर दाबले. मॅनिफोल्डच्या सांध्यातून फुस्स आवाज आला. पॅकिंग गेलेले. मग एकेका प्लगची कॅप जाड रबरी हातमोजा घालून काढून पाहिली. तिसऱ्या प्लगची कॅप काढली तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडेना. म्हणजे तो प्लग मारतच नव्हता. कॅपला तडा होता.

कारण लक्षात घेण्यासारखे आहे. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला ऑक्सिजन दिसतो. सांधा गळका असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि ती तो मोजतो. प्लग मारत नसेल तर पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर पडतात, त्यातली हवा त्याला दिसते आणि पेट्रोल दिसत नाही. मग तो लीन म्हणून ओरडतो, आणि आपण त्याचे ऐकून पेट्रोल ओततो. पुतण्याचा चेहरा उतरला. मिस्त्री म्हणाले, “असू दे. मी पण दीड फेरा उघडलाच होता की.”

म्हणून कार्ब्युरेटरला हात लावण्याआधीची कामे आधी. पॅकिंग नवे, प्लग आणि कॅप ठीक, पॉइंटचा गॅप, टायमिंग, टॅपेट, एअर फिल्टर साफ, आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी हवा गळत नाही याची खात्री. फ्लोटची पातळीही तपासावी. आम्हाला या सगळ्यात दीड दिवस गेला, आणि खरे सांगायचे तर अर्धे दुखणे त्यातच गेले.

पेट्रोलचा रबरी पाइपही त्याच वेळी बदलला. जुन्या गाड्यांचे रबर इथेनॉलला टिकत नाही, ते फुगते, मऊ पडते, भेगाळते. पंपाचा पडदाही तसाच. तापलेल्या मॅनिफोल्डवर पेट्रोलचा थेंब पडला तर गाडी पेटते, त्यापुढे लीन-रिचची चर्चा कशाला? इथेनॉल चालणारा पाइप मागून घ्यावा आणि क्लिपाही नव्या घालाव्यात.

एक स्क्रू, पण तीन कामे नव्हेत

मिस्त्रींच्या पहिल्या दुरुस्तीत चूक कुठे झाली तेही कळले. कार्ब्युरेटरमध्ये एकच वाट नसते. गाडी जागेवर असताना पेट्रोल स्लोच्या जेटमधून येते, आणि स्क्रूची सत्ता तेवढ्यापुरतीच. पाय दाबून गाडी पळू लागली की मेन जेट काम करतो. खूप फेऱ्यांवर एअर जेटचा हिस्सा मोठा होतो. एकदम पाय मारला तर छोटा पंप पिचकारी मारतो. घाटातले दुखणे मेन जेटचे होते, औषध स्लोला दिले होते.

काम या क्रमाने केले. इंजिन पूर्ण तापू दिले, चोक पुरता उघडा. प्रथम स्लो. आमच्या सोलेक्स कार्ब्युरेटरमध्ये स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढते. काही कार्ब्युरेटरांत, विशेषतः दुचाकींच्या, तो स्क्रू हवेचा असतो, तिथे उलटे. पाव पाव फेरा फिरवून दर वेळी अर्धा मिनिट थांबायचे. ०.९४ वर गाडी सर्वांत शांत चालली. जुन्या इंजिनाला स्लोवर ०.९२ ते ०.९५ मानवते. त्याहून फार भारी ठेवली तर पी.यू.सी. ला अडते.

मग रस्त्यावर. इथे एक नियम कडक पाळावा, चालवणाऱ्याने घड्याळ पाहायचे नाही. दादा चालवायला, पुतण्या शेजारी घड्याळ वाचायला, आणि मागे माझी मुलगी वही-पेन्सिल घेऊन. ती बारावीला आहे. तिने रकाने आखले होते, गिअर, वेग, पाय किती, आकडा. कोल्हापूरच्या हमरस्त्याला टॉप गिअरमध्ये ५० ते ६० च्या वेगाने सरळ चालवली. आकडा १.११, १.१२. सावकाश चालीला १.०० ते १.०३ हवा.

मेन जेट काढला. त्यावर १२० कोरलेले होते, म्हणजे भोक १.२० मिलिमीटर. तुमच्या गाडीत दुसरा आकडा असेल, काढून वाचावा. आता १२५ घातला तर किती वाढेल? मुलगी म्हणाली, पाच म्हणजे चार टक्के. पुतण्याने सांगितले, भोकाचा व्यास नव्हे, क्षेत्रफळ पाहायचे. १२५ चा वर्ग भागिले १२० चा वर्ग, म्हणजे साडेआठ टक्के. तिने वहीत गुणाकार केला आणि तेवढेच आले. आम्हाला हवे होते ते जवळजवळ एवढेच.

जेट बाजारातून नेमक्या मापाचा आणावा. जुन्या जेटचे भोक ड्रिलने मोठे करू नये, आणि स्टोव्हची पिन घालून साफ तर कधीच करू नये. पितळ मऊ असते, एका ओरखड्याने माप बिघडते आणि आकडा मात्र जुनाच कोरलेला राहतो. पुढे कधी दुसरा मिस्त्री तो आकडा वाचून फसतो. कचरा असेल तर पेट्रोलमध्ये बुडवून पंपाने हवा मारावी.

१२५ घालून पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. आकडा १.०३.

आता घाट. पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरलो आणि मागे फिरून चढू लागलो. गाडीत पाच माणसे आणि दोन पोती. भरल्या वजनाच्या चढाला आकडा ०.८६ ते ०.९० असावा, कारण इथे पेट्रोल थोडे जास्त असणेच इंजिनाला थंड ठेवते. आमचा ०.९२, ०.९३ दाखवत होता. उलटा फटाका बंद झाला होता, पण दादा म्हणाले, अजून थोडी खेच हवी. रस्त्याच्या कडेला गाडी थंड होऊ दिली आणि एअर जेट एक नंबर बारीक घातला. हवा कमी, पेट्रोल जास्त. ०.८९. वरच्या वळणापर्यंत उष्णतेचा काटा मध्यावर राहिला. ज्या ठिकाणी गणपतीत अर्धा तास बसलो होतो ते मुलीने ओळखले आणि वहीत तिथे फुली मारली. दादा काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर गाडी विकायची गोष्ट निघाली नाही.

उंचीचाही फरक पडतो, हे जाता जाता सांगतो. महाबळेश्वरासारख्या सुमारे १३५० मीटर उंचीवर हवा विरळ, तिथे हाच कार्ब्युरेटर थोडा रिच वाटेल. त्यासाठी तिथे जाऊन स्क्रू फिरवू नये. उतरला की पुन्हा तेच.

ॲव्हरेजविषयी फार आशा धरू नये. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने उष्णता कमी असते. २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट ठरलेली, ती जेटने भरून निघत नाही. आम्हाला लिटरमागे एक किलोमीटर परत मिळाला, तो स्लोचा उघडलेला स्क्रू बंद केल्याचा आणि तिसरा प्लग चालू झाल्याचा.

काही गोष्टी घरातल्या सर्वांसाठी. हे काम उघड्यावर करावे. छपरात किंवा गोठ्यात दार लावून गाडी चालू ठेवू नये, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि माणूस झोपेतच जातो. जेट काढताना पेट्रोल सांडते, तेव्हा बिडी-काडी लांब, आणि बॅटरीची वायर काढलेली. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर पाणी इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि पहिल्या किकला तेच कार्ब्युरेटरमध्ये जाते. पंधरा दिवसांनी एकदा तरी गाडी फिरवावी. उभीच ठेवायची असेल तर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल काढून ठेवावे.

काम झाल्यावर पुतण्याने सेन्सर काढून घेतला आणि चकतीच्या भोकात तांब्याची वायसर घालून बोल्ट बसवला. मुलीने वहीचे पान फाडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवले. त्यावर लिहिले आहे, मेन जेट १२५, एअर जेट एक नंबर बारीक, स्लो ०.९४, पेट्रोल २० टक्क्यांचे, आणि तारीख. मिस्त्रींनी ते वाचले, खिशातली पेन्सिल काढली आणि खाली भर घातली, तिसऱ्या प्लगची कॅप नवी.